वाचक विचारतात : थरच्या वाळवंटातील खुहडी गावी जाताना

संक्रांतीनंतर थरच्या वाळवंटात जाण्याचा बेत करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या महिन्यात सदराकडे आली आहेत. जैसलमेरचा किल्ला आणि वाळूच्या टेकड्या यांपलीकडे काय पाहावे, शहराऐवजी खेड्यात मुक्काम करावा का, आणि सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यातील माणसाने पदरचे पैसे खर्चून त्याहूनही कोरड्या प्रदेशात का जावे, अशी विचारणा त्यांत आहे. शेवटचा प्रश्न थट्टेने विचारलेला असला, तरी मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. कोरडवाहू मुलखात वाढलेल्या माणसाला त्या प्रदेशात जे दिसू शकते ते इतरांच्या नजरेतून सहज निसटते, असे माझे मत आहे आणि पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून वाचकांच्या नावांऐवजी केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न (जुळे सोलापूर) : सहलीच्या माहितीपत्रकांत सम येथील तंबूंतील मुक्काम सुचवलेला असतो. एका परिचितांनी मात्र खुहडी या गावाचे नाव सांगितले. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने कोठे राहावे?

खुहडीत राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नकाशांवर आणि रस्त्यावरील फलकांवर हे नाव खुरी किंवा खुडी असेही लिहिलेले आढळते, परंतु गाव तेच. सम हे ठिकाण जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे 40 किलोमीटरवर आहे, तर खुहडी नैऋत्येला त्याहून किंचित अधिक अंतरावर आहे. समच्या टेकड्या विस्ताराने मोठ्या आहेत, हे मान्य करायला हवे. मात्र हंगामात तेथे संध्याकाळी जीपगाड्यांची घरघर आणि तंबूतंबूंतून लावलेली ध्वनिवर्धकावरची गाणी यांतून वाट काढत सूर्यास्त पाहावा लागतो. तेवढ्यासाठी इतका प्रवास कशाला करायचा, असा प्रश्न पडतो. खुहडी हे मुळात नांदते गाव आहे आणि पर्यटन तेथे मागाहून आले. मातीने लिंपलेल्या भिंती, गवताने शाकारलेली गोल खोपटी, सारवलेली अंगणे, शेळ्यामेंढ्यांचे कळप हे सगळे तेथे पाहुण्यांसाठी मांडलेले नाही आणि गावाच्या कडेलाच टेकड्या सुरू होत असल्याने तेथवर पायी जाता येते.

एक अपेक्षा मात्र निघण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी. थर म्हणजे नजर जाईल तेथवर वाळू, हे चित्र खरे नाही. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेले राष्ट्रीय मरू उद्यान 1980 साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र 3,162 चौरस किलोमीटर आहे. त्यातील सुमारे पाचवा हिस्साच वाळूच्या टेकड्यांचा असून उरलेला सगळा भाग खडकाळ पठारे, मुरमाड माळ, गवताची राने आणि खारवट सखल जमीन यांनी व्यापलेला आहे. सोलापूरकराने या माळाकडे निवांत पाहावे, कारण तेथील निम्मी झाडे त्याच्या ओळखीची निघतील. रस्त्याच्या कडेची रुई तीच, बोरी त्याच, वाळूवर पसरलेला कडूवृंदावनाचा वेल तोच. राजस्थानात जिला खेजडी म्हणतात ती आपली शमी, आणि कैर म्हणजे आपल्या माळरानावरची नेपती. खेजडीच्या कोवळ्या शेंगा वाळवून त्यांना सांगरी म्हणतात आणि कैरासह त्यांची जी भाजी होते ती बाजरीच्या भाकरीबरोबर प्रत्येक घरी मिळते. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी तिकडे माणसांना भाजी, गुरांना पाला, चुलीला सरपण आणि उन्हात सावली अशी बारा महिने उपयोगी पडते. रोहिड्याची केशरी-पिवळी फुले पाहायची असतील, तर मुक्काम फेब्रुवारीच्या उत्तरार्धाकडे न्यावा.

गावात घरगुती मुक्काम केल्यास अंघोळीला बादलीभरच पाणी मिळेल, आणि तेवढेच वापरावे. घुंघट घेतलेल्या स्त्रियांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. संध्याकाळी गाण्याला मांगणियार कलावंत येतात. कमायचा आणि खडताल यांच्या साथीने गाणारी ही पिढीजात गायक मंडळी आहेत, तेव्हा त्यांना चित्रपटगीतांची फर्माईश न करता त्यांच्या मनाचे गाऊ द्यावे आणि बिदागी थेट त्यांच्याच हाती द्यावी.

प्रश्न (होटगी रस्ता, सोलापूर) : गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर जानेवारीच्या अखेरीस निघायचा विचार आहे. हा काळ योग्य आहे का? थंडी कितपत असते?

काळ उत्तम आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तेथील प्रवासाचा हंगाम मानतात. एप्रिलनंतर पारा 45 अंशांच्या पुढे जाऊ लागतो आणि धुळीची वादळे सुरू होतात. तुम्हांला उन्हाची सवय असली तरी त्या उन्हाच्या वाटेला जाऊ नये. थंडी मात्र गांभीर्याने घ्यावी. दुपारी अंगात सदरा पुरेसा होतो, पण कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशाखाली वाळूतील उष्णता सूर्य मावळताच वेगाने निघून जाते आणि पहाटे तापमान 5 अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरते. सोलापुरी चादर बरोबर घ्यावी, तिचा अभिमानही बाळगावा, पण केवळ तिच्यावर विसंबू नये. लोकरीचा स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे हवेतच.

सूर्योदयाचा हिशेबही वेगळा ठेवावा लागतो. जैसलमेर सोलापूरच्या सुमारे 5 अंश पश्चिमेला आणि 9 अंश उत्तरेला असल्यामुळे जानेवारीत तेथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे आपल्यापेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा. सूर्यास्त मात्र साधारण आपल्याच वेळी होतो. सकाळी सहाला टेकडीवर जाऊन बसलात, तर तासाभराहून अधिक वेळ कुडकुडत बसावे लागेल.

माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरू महोत्सव भरतो. त्याची हौस असल्यास जरूर जावे, परंतु त्या दिवसांत खोल्या महाग असतात आणि गर्दीही असते. आकाश पाहण्यासाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत. जानेवारीच्या रात्री मृग नक्षत्र आणि व्याध डोक्यावर असतात. रात्री दहा-अकराच्या सुमारास दक्षिणेला अगस्तीचा तारा शोधून पाहावा. सोलापुरात तो क्षितिजापासून सुमारे 20 अंश वर येतो, खुहडीत जेमतेम 10 अंश. त्याउलट ध्रुवतारा तेथे 27 अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्यापेक्षा बराच उंच दिसतो. आपण किती उत्तरेला आलो आहोत, हे पडताळून पाहण्याची ही बिनखर्ची रीत आहे. दोन्ही तारे एकाच रात्री पाहिल्यास मुलांना अक्षांश ही कल्पना पुस्तकाशिवाय समजते.

प्रश्न (अक्कलकोट) : सोलापूरहून जावे कसे? सीमाभाग असल्यामुळे काही परवाने लागतात का?

पुणे किंवा मुंबई गाठून तेथून जोधपूर आणि पुढे जैसलमेर, हा सोयीचा मार्ग आहे. वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरची थेट गाडीही आहे, पण ती रोज सुटत नाही, म्हणून वेळापत्रक पाहूनच बेत ठरवावा. जोधपूर ते जैसलमेर हे रस्त्याने सुमारे 285 किलोमीटरचे अंतर आहे. जैसलमेरहून खुहडीला मोजक्याच बस जातात. कुटुंब बरोबर असल्यास गाडी ठरवणे बरे. भारतीय नागरिकांना खुहडीला जाण्यासाठी परवाना लागत नाही, तरीही प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावे. परदेशी नागरिकत्व असलेले नातेवाईक सोबत असतील, तर सीमेलगतच्या भागासाठी त्यांना स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. ड्रोन घरीच ठेवावा. तनोट मातेचे मंदिर जैसलमेरपासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे आणि 1971 च्या युद्धातील लोंगेवाला त्याच बाजूला आहे. ही दोन ठिकाणे पाहण्यास एक संपूर्ण दिवस लागतो, तो खुहडीच्या दिवसांतून कापू नये.

प्रश्न (विजापूर रस्ता, सोलापूर) : नान्नजला अनेकदा गेलो, पण माळढोक दिसला नाही. तिकडे गेल्यास नक्की दिसेल का?

नक्की असे कोणीही सांगू शकणार नाही, आणि जो वाहनचालक पैज लावून सांगेल त्याच्याबरोबर मुळीच जाऊ नये. मात्र भारतात माळढोक पाहण्याची खरी शक्यता आता जवळजवळ तेथेच उरली आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 साली घोषित झाले तेव्हा सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतील मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात धरले होते. त्यात गावे, शेते आणि शहरांचे भागही आल्यामुळे लोकांची नाराजी वाढत गेली आणि पुढे क्षेत्र घटवून ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दरम्यान कालव्यांचे आणि विंधनविहिरींचे पाणी आले, ज्वारी-करडईच्या रानांत ऊस उभा राहिला, आणि आखूड गवताचा मोकळा माळ, जो या पक्ष्याला लागतो, तो तुकड्या-तुकड्यांत शिल्लक राहिला. आता आपल्या जिल्ह्यात एखादा माळढोक दिसला, तरी ती बातमी होते.

पक्षी मोठा आहे. उंची सुमारे एक मीटर, नराचे वजन 15 किलोपर्यंत, आणि मादी साधारणतः वर्षाला एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. अशा पक्ष्याची संख्या एकदा घसरली की ती भरून यायला फार काळ लागतो. 2011 पासून तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. जंगलात उरलेले पक्षी दीडशेहून कमी मानले जातात आणि त्यांतील बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. राजस्थानचा तो राज्यपक्षी आहे. समोरचे नीट न दिसणारी नजर आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता न येणे, या दोन कारणांनी तो उच्च दाबाच्या वीजतारांवर आदळून मरतो. पवनचक्क्या आणि सौरप्रकल्प यांच्यामुळे त्याच मुलखात तारांचे जाळे पसरले आहे. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता, 2024 मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. प्रदूषण न करणारी वीज हवी आणि हा पक्षीही हवा, हा पेच वाचण्यापेक्षा तेथील क्षितिजावर पाहिला म्हणजे अधिक नीट उमगतो.

पाहण्याची जागा म्हणजे मरू उद्यानातील सुदासरीचा राखीव गवताळ भाग. प्रवेशाची परवानगी जैसलमेरच्या वनखात्याकडून आदल्या दिवशीच घ्यावी, सकाळी लवकर जावे, गाडीतून खाली उतरू नये आणि पक्षी दिसला तरी त्याच्या मागे गाडी घालण्याचा आग्रह चालकाला करू नये. सम आणि रामदेवरा येथील कृत्रिम प्रजनन केंद्रे पर्यटकांसाठी नाहीत. अंड्यांतून पिल्ले वाढवण्याचे काम तेथे 2019 पासून चालू आहे आणि 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लूही जन्मले, एवढी माहिती आपल्यासाठी पुरेशी आहे. माळढोक हुकला तरी दिवस वाया जात नाही. चिंकारा, वाळवंटी कोल्हा, हिवाळ्यात बाहेरून येणारी गिधाडे, पखुर्ड्यांचे थवे आणि नशीब असेल तर माळढोकाचा लहान भाऊबंद हौबारा, एवढी मंडळी त्या माळावर असतात.

परतीच्या वाटेवर फलोदी येथे उतरून खिचन गाव गाठावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. जोधपूर-जैसलमेर लोहमार्ग फलोदीवरूनच जातो. सप्टेंबरपासून मार्चच्या सुमारापर्यंत तेथे हजारो कांड्या करकोचे उतरतात. गावकऱ्यांनी चालवलेल्या चुग्गाघरात त्यांना रोज सकाळी धान्य घातले जाते. 2025 साली खिचनचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत झाला. उजनीच्या काठावर पक्षी पाहणाऱ्या आपल्या वाचकांना हे करकोचे नवे नाहीत, पण गावाने आपल्या खळ्यातले धान्य देऊन पाहुण्या पक्ष्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रश्न (मंगळवेढा) : आम्ही शेतकरी माणसे. वाळवंटात उंट पाहण्यापेक्षा तेथील लोक पाण्याचे काय करतात, शेती कशी करतात, हे पाहायला मिळेल का?

या महिन्यातील सर्वांत आवडलेला प्रश्न हाच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जैसलमेर भागात वर्षाला सरासरी दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपण ज्याला दुष्काळी म्हणतो त्या आपल्या जिल्ह्यातही त्याच्या तिपटीने पडतो. असे असूनही त्या मुलखात हिवाळ्यात गहू आणि हरभरा उभा दिसतो, आणि तोही विहिरीच्या पाण्याशिवाय. ही किमया खडीन नावाच्या शेतीची आहे.

खडीन म्हणजे मोठ्या खडकाळ उताराच्या पायथ्याशी घातलेला लांबलचक मातीचा बांध. पावसाळ्यात दोन-चारच सरी आल्या तरी खडकावर पाणी मुरत नाही, त्यामुळे शेताच्या अनेक पट मोठ्या क्षेत्रावरचे पाणी वाहत येऊन बांधाआड थांबते आणि आपल्याबरोबर बारीक गाळही आणते. जास्तीचे पाणी सांडव्यातून पुढच्या खडीनात जाते. साचलेले पाणी हळूहळू जमिनीत मुरते, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत वरचे पाणी आटते किंवा सोडून दिले जाते, आणि त्या ओलीवर पेरणी होते. पुढे पावसाचा थेंब पडला नाही तरी पीक हाती येते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर, थंडीतल्या दवावर येते, त्या तुम्हांला हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की आपल्याकडे ओल धरून ठेवण्याचे काम काळी माती स्वतः करते, तिकडे ते काम माणसांनी बांध घालून करून घेतले. पंधराव्या शतकात पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत जैसलमेर भागात रुजवली, असे मानले जाते. कुलधरा आणि खाभा या बाजूला आजही खडीने पेरली जातात. जानेवारीत गेलात तर पिवळ्या दगडाच्या उजाड मुलखात अचानक हिरव्या गव्हाचा पट्टा लागेल. गाडी तेथे थांबवावी आणि बांधावर जाऊन मालकाशी बोलावे. शेतकऱ्याने शेतकऱ्याला विचारलेल्या प्रश्नांना तेथे कोणी कंटाळत नाही.

पिण्याच्या पाण्याची व्यवस्था वेगळी आहे. खोलवरचे पाणी बहुतेक ठिकाणी खारे आहे. काही भागांत वाळूच्या खाली जिप्समचा कठीण थर असतो आणि तो पावसाच्या गोड्या ओलीला खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. त्या थरापर्यंतच खणलेली अरुंद विहीर म्हणजे कुई किंवा बेरी. ओल्या वाळूतून पाझरून दिवसभरात काही घागरीच पाणी जमते. तोंड लहान आणि झाकलेले असते, कारण उघडे ठेवल्यास जमलेले पाणी उन्हाने उडून जाईल. याशिवाय अंगणातले किंवा छतावरचे पावसाचे पाणी साठवणारी जमिनीखालची टाकी, म्हणजे टांका, जुन्या घरांत असतो. अलीकडे इंदिरा गांधी कालव्याचे पाणी जिल्ह्याच्या काही भागांत आले आणि नळयोजना व टँकरही आले, त्यामुळे अनेक बेऱ्या दुर्लक्षित पडल्या. कालव्याच्या पाण्याने माळ कसा बदलतो, याचा अनुभव उजनीच्या लाभक्षेत्रातील वाचकांना आहेच. लाभ आणि हानी यांचा जो वाद आपल्याकडे चालतो तोच तुम्हांला तेथेही ऐकू येईल.

आणखी एक गोष्ट पाहून यावी, ती म्हणजे ओरण. देवाच्या नावाने राखलेली ही चराऊ राने असतात, आपल्या देवरायांच्या जातीची, पण गर्द झाडीऐवजी गवत, बोरी आणि खेजडी असलेली. तेथील लाकूड तोडत नाहीत, गुरे मात्र चरतात. सेवण हे पौष्टिक गवत अशा रानांत टिकून आहे. महसुली नोंदींत यांतील बरीच जमीन पडीक दाखवलेली असल्यामुळे ती सौरप्रकल्पांना दिली जाऊ नये, यासाठी तेथील पशुपालक गेली काही वर्षे झगडत आहेत. पडीक या शिक्क्याने गवताळ माळाचे किती नुकसान केले, हे आपल्या जिल्ह्यातही तपासून पाहण्यासारखे आहे.

प्रश्न (पंढरपूर, एक शिक्षिका) : अकलच्या जीवाश्मांविषयी ऐकले आहे. विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगे आहे का?

अवश्य दाखवावे, फक्त आधी थोडे समजावून न्यावे, नाहीतर लोखंडी पिंजऱ्याखाली ठेवलेले तपकिरी दगड पाहून मुले दहा मिनिटांत बाहेर येतील. जैसलमेरहून बाडमेर रस्त्यावर 17 किलोमीटरवर सुमारे 21 हेक्टरांचे हे राखीव क्षेत्र असून राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून ते जपलेले आहे. उघड्यावर विखुरलेले हे ओंडके सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातील आहेत. गाळात पुरल्या गेलेल्या लाकडात खनिजयुक्त पाणी झिरपत राहिले आणि लाकडाचा कण कण जाऊन त्याच्या जागी सिलिका बसली, त्यामुळे आकार झाडाचा आणि पदार्थ दगडाचा, असे झाले. मुलांना तुलनेसाठी सांगावे की सोलापूरच्या विहिरींत लागणारा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, म्हणजे आपल्या पायाखालचा खडक तयार झाला तेव्हा अकलची झाडे दगड होऊन युगे लोटली होती. आज जेथे दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो तेथे एके काळी दमट हवेतले उंच वृक्ष होते आणि जवळच समुद्र होता. किल्ल्याचा पिवळा दगडही त्या काळातल्या उथळ समुद्राच्या तळाचा आहे. याच जिल्ह्यात सापडलेल्या सुमारे 16 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीच्या शाकाहारी डायनासोरला 2023 मध्ये थारोसॉरस हे नाव देण्यात आले. एकही तुकडा खिशात घालू नये, हे मुलांना आणि विशेषतः सोबतच्या पालकांना बजावून सांगावे.

प्रश्न (बार्शी, इयत्ता सातवी) : वाळूच्या टेकड्या खरोखर चालतात का?

चालतात, पण सगळ्या नाही. वारा जोराचा असला की वाळूचा कण उचलला जातो, थोडे पुढे जाऊन आपटतो आणि आपटताना दुसऱ्या कणांना उडवतो. अशा लहान लहान उड्या मारत वाळू वाऱ्याकडच्या सौम्य उतारावरून माथ्यावर चढते आणि पलीकडच्या बाजूला घसरून पडते. कोरडी वाळू सुमारे 34 अंशांपेक्षा अधिक उतारावर टिकत नाही, म्हणून पलीकडची बाजू नेहमी तेवढ्याच चढाची असते. चढायला सौम्य बाजू निवड, उतरताना तीव्र बाजूने घसरत ये. थरमध्ये उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला नैऋत्येचा वारा जोरात वाहतो आणि टेकड्यांची खरी हालचाल तेव्हाच होते. ज्या टेकड्यांवर फोग नावाचे झुडूप आणि सेवण गवत रुजले आहे त्या जागच्या जागी राहतात. म्हणून टेकडीवर गेल्यावर झुडपे उपटू नयेत. सकाळी लवकर गेलास तर वाळूवर रात्रभरातील पावलांचे ठसे दिसतील. भुंगेरे, सरडे, कोल्हा असे ठसे ओळखून वहीत काढून आण आणि आम्हांला पाठव.

प्रश्न (सात रस्ता, सोलापूर) : कुलधरा गाव भुताटकीचे आहे असे म्हणतात. रात्री जाता येते का?

रात्री जाऊ नये आणि भुतासाठी तर मुळीच जाऊ नये. एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावे सोडून गेलेल्या पालीवालांची आणि जुलमी दिवाण सालिम सिंगची कथा मार्गदर्शक रंगवून सांगतात. गावे ओस पडण्यामागे जाचक करवसुली, आटलेले पाणी आणि काही भूवैज्ञानिकांनी सुचवल्याप्रमाणे भूकंप, अशी कारणे पुढे आली आहेत. ज्यांनी खडीन उभारले त्यांच्या घरांची आखणी, सरळ गल्ल्या आणि पाण्याच्या जागा दिवसाउजेडी पाहाव्यात. ते अधिक गंभीर आणि अधिक मनोरंजकही आहे.

प्रश्न (मोहोळ) : सोबत सत्तरीच्या आई आहेत, गुडघे दुखतात. त्यांना उंटावर बसवावे का? साप-विंचवाची भीती कितपत?

उंट उठताना मागचे पाय आधी सरळ करतो, त्यामुळे बसणारा माणूस एकदम पुढे कलतो. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे पुन्हा तोच हिसका. दोन्ही वेळा खोगीर घट्ट धरून मागे रेलावे लागते आणि वर असताना मांड्या फाकलेल्या राहतात. गुडघ्याच्या आणि कमरेच्या दुखण्यात हे सोसवत नाही. आईंना उंटगाडीतून न्यावे. ती गावात सहज मिळते आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाते. रक्तदाबाची किंवा इतर नेहमीची औषधे संपूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी सोलापुरातूनच घ्यावीत, कारण मोठा दवाखाना थेट जैसलमेरला आहे. पोटाला बदल सोसत नसेल, तर कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बरोबर असू द्यावी, दोन्ही कोरड्या हवेत उत्तम टिकतात.

फुरसे आपल्या माळावर आहे तसे तेथेही आहे, विंचूही आहेत. कडाक्याच्या थंडीत ते क्वचितच बाहेर पडतात, परंतु फेब्रुवारीच्या अखेरीस ऊब वाढू लागली की सावध राहावे. रात्री अनवाणी चालू नये, विजेरीशिवाय खोपटाबाहेर पडू नये, बूट घालण्यापूर्वी झटकावेत आणि सरपणाच्या ढिगात हात घालू नये. दंश झालाच तर बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही न करता, दंश झालेला अवयव हलू न देता गाडीने जैसलमेरच्या रुग्णालयात जावे. त्यासाठी मुक्कामाच्या घरी रात्री गाडी आणि चालक उपलब्ध असतो का, हे खोली ठरवतानाच विचारून घ्यावे.